शुक्रवारची वात

नेहेम्यामामाने लॅबोरेटरीची नोकरी सोडली, हे आईला कळलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. तव्यावरची चपाती तिने तशीच जळू दिली.

"आता काय करणार तू? कांदे विकणार?"

"लिहिणार," मामा म्हणाला.

"काय लिहिणार?"

"सायन्स."

"सायन्स लिहितात का कुठे? सायन्स करतात."

"तेच तर, ताई. करणाऱ्यांना लिहिता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांनी कधी केलेलं नसतं. मधली खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर आम्ही बसणार."

मला टेबलावर चढून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आई समोर होती म्हणून फक्त जळकी चपाती उलटली.

"आम्ही" म्हणजे मामा आणि सिपोरामावशी. सिपोरामावशी माझी सख्खी मावशी नाही. ती आणि आई ठाण्याला एका बाकावर बसायच्या. मुंबईत ती हॉस्पिटलात रोगजंतूंवर काम करायची आणि इथे इस्राएलात आल्यावर एका डेअरीत दुधातले जंतू मोजायची. मामा केमिस्ट, पाणी तपासायचा. दोघांनी मिळून आमच्या पेताह तिक्वाच्या घरामागची, पूर्वी धोबी बसायचा ती खोली घेतली, इस्त्रीच्या टेबलावर टाईपरायटर ठेवला आणि दारावर पाटी लावली: "सोपं विज्ञान". औषधाच्या बाटलीवरचा कागद, नव्या यंत्राची माहिती, आजाराबद्दलची सूचना, जे जे लोकांच्या हातात पडतं आणि लोकांना कळत नाही, ते हे दोघं कळेल असं लिहून देणार. पाटीवरची हिब्रू अक्षरं माझी. कारण या धंद्यात मीही होते!

म्हणजे असं की दोघांचंही हिब्रू उल्पानातलं, मोठ्या माणसांच्या भाषेच्या वर्गात शिकलेलं. मामाला हिब्रूत गंधकावर भाषण देता येतं, पण त्याने कोथिंबीर मागितली की भाजीवाला पालक देतो. तेव्हा दोघांनी लिहायचं आणि मी ते माणसांच्या हिब्रूत आणायचं, असं ठरलं. गेल्या वर्षापर्यंत मला हे जमलं नसतं. वर्गात माझा "र" ऐकून पोरं हसायची आणि मी तोंडावर हात धरून बोलायचे. मग एकदा इतिहासाच्या बाईंनी मला अख्खा धडा मोठ्याने वाचायला लावला. वर्ग हसला, मी वाचत राहिले, वर्ग आणखी हसला, मी आणखी मोठ्याने वाचलं, आणि दुसऱ्या पानावर हसणारे दमले. त्या दिवसापासून मला कुणी गप्प करू शकलेलं नाही. आई म्हणते, इतिहासाच्या बाईंना एकदा भेटून जाब विचारायला हवा.

पहिलं काम आलं ते नेतिवोतहून. दक्षिणेकडचं नवं गाव, दोन खोल्यांची सारखी सारखी घरं, मोरोक्को-ट्युनिसहून आलेली माणसं आणि थोडी आपली, भारतातून आलेलीही. रात्री वाळवंटाचा वारा सुटला की दारं-खिडक्या लावून सगळे घासलेटचा हीटर किंवा वातीचा स्टो पेटवून झोपतात. त्या हिवाळ्यात एक अख्खं कुटुंब सकाळी बेशुद्ध सापडलं होतं. शेजारणीने दार तोडलं म्हणून वाचलं. तिथल्या आया-बाळांच्या दवाखान्याची नर्स होती एदना. तिला बायकांच्या हातात देण्यासाठी एक पत्रक हवं होतं.

एदना आमच्या खोलीत आली तेव्हा बसलीसुद्धा नाही.

"रविवारी बायकांची सभा बोलावलीय," ती म्हणाली. "पत्रकं घेऊन या. मला पटलं तर अख्ख्या हिवाळ्याचं काम तुमचं. दूध, माश्या, डोळ्यांचे रोग, सगळं. नाही पटलं तर तेल अवीवला एक जाहिरातवाले आहेत, ते चित्रं फार सुंदर काढतात."

ती गेल्यावर मामा म्हणाला, "चित्रं आपणही काढू," आणि माझ्याकडे बघितलं.

तो हसत होता खरा, पण मला ठाऊक होतं की त्याची लॅबोरेटरीतली खुर्ची डायरेक्टरांनी महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. मावशीच्या डेअरीत तर खुर्चीही उरली नव्हती. हिवाळ्याचं काम मिळालं नाही तर मामा परत पाणी तपासायला जाणार, आणि पाटी उतरणार.

पहिला मसुदा दोघांनी मराठीत लिहिला. मामाने तो मला उभा राहून वाचून दाखवला.

"'अपूर्ण ज्वलनामुळे उत्पन्न होणाऱ्या वायूचे प्रमाण बंदिस्त जागेत वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही.'"

"मामा, हे वाक्य संपेपर्यंत माणूस बेशुद्ध पडेल."

"मग तू कसं लिहिशील?"

"बंद खोलीत हीटर विष सोडतो. वास येत नाही."

"विष नको," मावशी म्हणाली. "विष शब्दाने बायका घाबरतील."

"घाबरू देत की! घाबरवण्यासाठीच चाललोय ना आपण?"

"'सोडतो' नाही, 'सोडू शकतो'."

"मावशी, 'शकतो' लिहिलंत तर बाई म्हणेल, शकतो ना, पण माझा नाही सोडणार."

असं भांडत भांडत पत्रक झालं. वर मी काढलेलं चित्र, झोपलेलं कुटुंब आणि कोपऱ्यात हीटर. खाली जाड अक्षरांत: रोज रात्री झोपण्याआधी आग विझवा. विझली का, ते पुन्हा पाहा. आणि सर्वांत खाली दोघांची नावं, डिग्र्यांसकट. मग मामाने ते तपासायला दोन प्रोफेसरांकडे पाठवलं, एक यरुशलेमचे, एक हैफाचे. शास्त्रज्ञांची ही सवयच असते. दुसऱ्या शास्त्रज्ञाने "बरोबर" म्हटल्याशिवाय ते दिवस उजाडलाय हेसुद्धा मानत नाहीत. दोघांचंही "उत्तम, काही सुधारणा नाही" असं उत्तर आलं. गुरुवारी ओळखीच्या एका ऑफिसात जाऊन आम्ही गठ्ठाभर पत्रकं सायक्लोस्टाइल केली. माझ्या फ्रॉकवर शाई उडाली आणि मला तो डाग अजिबात काढायचा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मामा आणि मावशी आमच्याकडे जेवायला. आईने शब्बाथचा तेलाचा दिवा लावला, बाबांनी मनुकांच्या शरबतावर किद्दूशची प्रार्थना म्हटली. भिंतीवर मामाने हौसेने पत्रक चिकटवलं होतं, दर दोन घासांनी त्याची नजर तिकडे जायची. बाहेर थंडी मरणाची होती. किचनच्या खिडकीला आईने कडी घातली होती, दाराच्या फटीत फडकं कोंबलं होतं. ओट्यावर वातीचा स्टो, त्यावर पत्रा, पत्र्यावर उद्याच्या जेवणाचं पातेलं. वात अगदी बारीक, म्हणजे घासलेट उद्या दुपारपर्यंत पुरावं. दर शुक्रवारी असंच असतं. मी जन्मापासून बघतेय.

मी पत्रकाकडे बघितलं. मग स्टोकडे. मग पुन्हा पत्रकाकडे.

"मामा, आज झोपताना आपण स्टो विझवायचा?"

"वेड लागलं काय तुला? शब्बाथ आहे. आज आग लावायची नाही की विझवायची नाही."

"मग हे कुणी लिहिलंय?"

मामाने मान वळवली. त्याचे ओठ हलले. "रोज रात्री..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आईला हसू आवरेना. "अरे, तू आयुष्यात एकदा तरी शब्बाथला काडी ओढलीयस का? आणि लोकांना सांगतोस, आग विझवा!"

"मी वाचलं होतं ते," मावशी म्हणाली. "कितीदा तरी."

"मी हिब्रूत लिहिलं," मी म्हटलं.

"प्रोफेसरांनी तपासलं," मामा म्हणाला. "आम्ही सगळे हीटर बघत होतो. वार कुणी बघितलाच नाही."

खरंच. मामा इस्त्रीच्या टेबलाशी बसला की केमिस्ट असायचा. आमच्या टेबलाशी बसला की डोक्यावर टोपी घालून आमेन म्हणायचा. एकाने दुसऱ्याला कधी काही विचारलंच नव्हतं.

बाबांनी पत्रकाच्या तळाशी बोट दाखवलं. "नावं तुमची आहेत त्यावर. बॉम्बे असंही लिहिलंय."

आईचं हसू तिथेच थांबलं. आमच्या घरात त्या वर्षी याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. लग्न नोंदवायला गेलेल्या आपल्या पोरापोरींना इथले धर्मगुरू आजी-पणजीबद्दल विचारत होते, तुम्ही खरे यहुदी का, कशावरून. बाबांच्या कारखान्यातही कुणीतरी गमतीने विचारलं होतं आणि बाबा ती गंमत घरी घेऊन आले होते. आता आपलेच दोन शिकलेले लोक नेतिवोतला जाऊन, घरोघरी शब्बाथ पाळणाऱ्या बायकांच्या हातात कागद देणार: रोज रात्री आग विझवा.

"म्हणतील, बघा, यांना शब्बाथ म्हणजे काय तेही ठाऊक नाही," आई म्हणाली.

"ते म्हणतील ते म्हणतील," मामा एकदम उठला. "पण ताई, तुझी खिडकी!"

तो किचनमध्ये गेला आणि त्याने कडी काढून खिडकी ढकलली. गार वारा थेट माझ्या मानेवर आला.

"किती उघडलीस?" मावशीने बसल्या जागेवरून विचारलं.

"चार बोटं."

"चारच का?"

"हाताला तेवढीच बोटं आहेत, अंगठा सोडून."

"हे सायन्स नव्हे, नेहेम्या."

"मग सायन्स काय म्हणतं, ते उद्या संध्याकाळी बघू. आज मला जेवू दे."

शब्बाथला लिहिता येत नाही, त्यामुळे शनिवार दिवसभर आम्ही नुसते बोललो. इतकं बोललो की बाबा दुपारी झोपायला शेजाऱ्यांकडे गेले! मावशीचा एक विचार होता, आणि तो तिने फार हळू आवाजात मांडला. पत्रकं आहेत तशी द्यावीत. एदनाला दिसायला ती छानच वाटतील. काम मिळेल. मग दुसऱ्या आवृत्तीत शुक्रवार घालावा.

"मावशी, दुसऱ्या आवृत्तीच्या आधी शुक्रवार येईल," मी म्हटलं.

मावशीने माझ्या डोक्यावर टपली मारली, पण जोरात नाही.

"बरोबर बोलली पोर," ती म्हणाली. "माझं डोकं थंडीने गोठलंय. ती खिडकी बंद करा कुणीतरी."

"नाही!" आम्ही सगळेच ओरडलो.

हिवाळ्यात शब्बाथ लवकर संपतो. आकाशात तारे दिसले, शब्बाथला निरोप देणारा हब्दाला झाला, आणि मामाने खिशातून कागदाच्या पट्ट्यांची डबी काढली. नेतिवोतला बायकांना दाखवायला त्याने त्या तयार केल्या होत्या. फिकट पिवळ्या पट्ट्या, कसल्याशा क्षाराच्या पाण्यात बुडवलेल्या. तो न दिसणारा, वास नसलेला वायू लागला की त्या काळवंडतात. आम्ही आईला तिच्या किचनमधून बाहेर काढलं.

आधी दार-खिडकी लावून, वात रोजच्यासारखी मोठी ठेवली. बाहेरून दाराच्या काचेतून बघत बसलो. पट्टी थोडी राखाडी झाली. मग सगळं उघडून हवा बदलली आणि पुन्हा लावून घेतलं, या वेळी शुक्रवारसारखं: वात बारीक, वर पत्रा, पत्र्यावर पातेलं. मला वाटलं होतं की आग लहान म्हणजे वायूही कमी. पण पट्टी उतू गेलेल्या दुधाच्या डागासारखी काळी होत गेली.

"हे काय?" मी विचारलं.

"लहान ज्योत थंड जळते," मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "वर पत्रा, म्हणजे तिला हवाही पुरत नाही. अर्धवट जळते. जूडी, ज्या रात्रीबद्दल आपण एक शब्द लिहिला नाही, तीच सगळ्यात वाईट रात्र आहे."

तिसऱ्या खेपेला तेच सगळं, पण खिडकी चार बोटं उघडी आणि फटीत फडक्याची गुंडाळी, म्हणजे वाऱ्याने लागायला नको. पट्टी जवळजवळ पिवळीच राहिली.

"एक किचन. एक संध्याकाळ," मावशी म्हणाली. "याला पुरावा म्हणत नाहीत."

"इशारा म्हणतात?" मी विचारलं.

तिने तिन्ही पट्ट्या दिव्याखाली धरल्या. "इशारा म्हणता येईल."

"मग इशारा म्हणूनच सांगू."

मामा तेवढ्यात आमच्या प्रार्थनामंदिरातल्या हाखामकडे, धर्मगुरूंकडे, जाऊन आला. खिडकी दिवा लावायच्या आधी उघडायची, त्यात काय अडचण असणार? आणि कुणाचं डोकं गरगरलं, उलटी आली, तर? "तर शब्बाथ असो की योम किप्पूरचा उपास, आग विझवायची आणि माणसाला बाहेर काढायचं," हाखाम म्हणाले होते. "जीव आधी. आणि हे विचारायला इतक्या लांब आलास तू?"

उत्तर मिळालं, पण सायक्लोस्टाइल मशीन कुलपात होतं आणि पहिली बस पहाटेची. पेनाने एकेका पत्रकावर लिहावं असं मी म्हटलं. मावशीने गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेनाने लिहिलं तर दिसेल की आपण विसरलो होतो."

"विसरलोच होतो," मामा म्हणाला. "तेच सांगायचं. तोंडाने."

इथे रविवारी शाळा असते, ती बुडवायची आईने मला परवानगी दिली. वर एक डबा दिला, त्यात एवढे पोहे की नेतिवोतलाही पुरले असते.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या होत्या, गलका असा की मामाच्या कपाळावर थंडीतही घाम. एदनाने दारातच एक पत्रक उचललं आणि वाचलं. तिचा चेहरा उजळला.

"सुंदर! चित्र कुणी काढलं?"

मी हात वर केला. मला तेव्हा गप्प राहावंसं वाटलं, हे मी लिहून टाकते. फक्त एक मिनिट. एदना हसत होती, मामाचं नाव छापलेलं दिसत होतं, आणि समोर अख्खा हिवाळा होता.

"गिवेरेत एदना," मामा त्याच्या उल्पानाच्या हिब्रूत म्हणाला, "कृपा करून हे वाटू नका. यात चूक आहे."

"कुठे? मी आत्ताच वाचलं."

"आम्हीही वाचलं. यात शुक्रवार नाही."

एदनाला समजायला वेळ लागला. मग तिने पत्रक पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. नंतर ती रागावली. "मी बायकांना कामावरून बोलावलंय! त्यांना आता काय देऊ? तुमची माफी? मी आज ठरवणार होते, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ऐकून ठरवा," सिपोरामावशी म्हणाली. हिब्रूत तिला एवढंच पटकन आलं, पण ते तिने अशा आवाजात म्हटलं की एदना बाजूला सरली.

आणि मग मामाने मला पुढे ढकललं.

मी बाकावर चढले. खाली सगळी डोकी, रुमाल, बाळं. मी म्हटलं, माझं नाव जूडिथ, हे माझे मामा, ही मावशी, दोघं शास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांनी तुमच्यासाठी कागद आणलाय, तो आम्ही तुम्हाला देणार नाही.

हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आलात कशाला?"

"कारण त्यात लिहिलंय, रोज रात्री आग विझवा. शुक्रवारी काय करायचं ते लिहायला आम्ही विसरलो."

आता हशा नव्हता. पुढच्या रांगेत एक जाडशी बाई होती, मझल नावाची, तान्हं बाळ मांडीवर. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही हिंदुस्थानातले ना? तुम्ही लोक शब्बाथ पाळता?"

हॉलमध्ये सगळे ऐकत होते. मागे उभी असलेली आपली एक बाई, कोकणातली, मान खाली घालून पदराशी खेळायला लागली. माझा "र" घशात अडकला, आणि मग मला एकदम राग आला. चांगला राग, उपयोगी पडणारा.

"माझी आई शुक्रवारी वात बारीक करते, वर पत्रा ठेवते, पत्र्यावर पातेलं ठेवते, खिडकीला कडी घालते आणि दाराच्या फटीत फडकं कोंबते. तुम्ही काय करता?"

मझलने एक क्षण विचार केला. "फडकं नाही. मी चादर कोंबते."

हॉल फुटला हसून. ती स्वतःही हसली. मी डबी उघडली आणि पट्ट्या हातोहात फिरवायला दिल्या. ही रोजची, ही शुक्रवारची, ही खिडकी उघडी ठेवली ती. काळी पट्टी हातात आली की बायका गप्प व्हायच्या. एकीने तिचा वास घेतला. मी म्हटलं, वास येणार नाही, तेच तर आहे. मावशी मागून मराठीत बजावत होती, "एकाच किचनमध्ये केलंय म्हणून सांग त्यांना, सांग!" तेही सांगितलं. "हा इशारा आहे. पण इशारा मिळाल्यावर थांबायचं कशाला?"

मग त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीच्या खिडकीसमोरच मुलांची खाट. मामा म्हणाला, खाट हलवा, खिडकी नको. दुसरीची खिडकी वाऱ्याने आपटते. तिला फडक्याच्या गुंडाळीचं सांगितलं. मझल म्हणाली, थंडीने बाळ आजारी पडेल. मामाने तिच्याजवळ जाऊन, आपल्या मोडक्या हिब्रूत, बाळाला दोन गोधड्या घाला पण खिडकी लावू नका, असं तिला तीन तऱ्हांनी सांगितलं. कोकणातली ती बाईही पुढे आली होती.

"डोकं गरगरलं तर काय, बाय?" तिने मला मराठीत विचारलं.

"तर शब्बाथलाही विझवायचं, मावशी. जीव आधी. हाखामांना विचारून आलोय."

तिने ते शेजारणीला हिब्रूत सांगितलं, शेजारणीने पलीकडे अरबीत. मला दिसत होतं वाक्य रांगांमधून जाताना. माझं वाक्य! म्हणजे मामाचं, हाखामांचं, पण शब्द माझे.

बायका पांगल्यावर एदना आमच्याकडे आली. तिने पत्रकांचा गठ्ठा उचलून मामाच्या हातात परत दिला.

"हे मला नको."

मामाने मान हलवली. मावशी छताकडे बघत होती.

"गुरुवारी नवं आणा. शुक्रवारच्या आत प्रत्येक घरात पोचलं पाहिजे. शुक्रवार सगळ्यात वर, हे खाली."

"आणि हिवाळ्याचं काम?" मी विचारलं. मामाने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"जाहिरातवाल्यांना मी दुपारी नाही म्हणून कळवते," एदना म्हणाली. "पण माझी एक अट आहे. यापुढचा प्रत्येक कागद छापायच्या आधी इथे येऊन या बायकांना वाचून दाखवायचा. त्यांनी नाही म्हटलं तर छापायचा नाही. तुमच्या प्रोफेसरांचं मला काही सांगू नका."

"इथे दर खेपेला?" मावशीने मराठीत विचारलं. "एवढा प्रवास?"

"दर खेपेला," मामा हिब्रूत म्हणाला, एदनाला.

बसला अवकाश होता. मामा पोस्टात शिरला आणि टेलिफोनच्या टोकनासाठी रांगेत उभा राहिला. आम्ही बाहेर आईच्या डब्यातले पोहे खात होतो. काचेपलीकडे तो रिसीव्हर कानाला लावून ताठ उभा होता, डायरेक्टर जणू समोरच बसलेत. बाहेर आला तेव्हा त्याची टोपी कानावर घसरली होती.

"काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"म्हणाले, नेहेम्या, अजून महिना संपायचाय, नीट विचार कर."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, केला. खुर्ची दुसऱ्याला द्या."

मावशीने हात पुसले, एक जुनं पत्रक उलटं करून मांडीवर ठेवलं, कोऱ्या बाजूवर रेघ मारली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. बस आली तेव्हा पहिलं वाक्य तयार होतं: दिवा लावायच्या आधी खिडकी चार बोटं उघडा. दुसऱ्या वाक्यावर तिचं आणि मामाचं भांडण बसच्या पायरीवरच सुरू झालं. कंडक्टर म्हणाला आत चढा, तर दोघांनी त्यालाच विचारलं, तुझ्या घरी हीटर आहे का, आणि शुक्रवारी तू त्याचं काय करतोस.